गेममधलं आव्हान आणि खेळाडूच्या कृती : शिक्षक-पालकांनी समजून घ्यावं असं काही



वर्गात हातच्याची बेरीज दोनदा चुकली की वही मिटून बसणारं पोरगं घरी मोबाईलवर गेमची एकच लेव्हल वीस-वीस वेळा खेळतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. ते हरतं, पुन्हा सुरू करतं, परत हरतं. कोणी शाबासकी देत नाही, कोणी रागावतही नाही, तरी ते थांबत नाही. आणि याच मुलाच्या प्रगतिपत्रकावर आपण लिहितो, "चिकाटीचा अभाव".

चिकाटी त्याच्याकडे आहे, हे तर उघड दिसतं. मग ती गेममध्ये येते आणि गणितात का येत नाही? "मोबाईलचं व्यसन" एवढं म्हणून हा प्रश्न संपत नाही. चांगला गेम बनवणारी माणसं एका कामावर फार मेहनत घेतात : खेळाडूला काय करू द्यायचं आणि त्याच्या वाटेत काय ठेवायचं. हे काम आपल्या पाठाच्या नियोजनापेक्षा फार वेगळं नाही. म्हणून आजच्या लेखात आपण ते नीट समजून घेऊ या. शेवटी वर्गात उद्याच घेता येईल असा एक कागदी खेळही दिला आहे. त्याला मोबाईल लागत नाही, टॅबही लागत नाही.

आधी दोन शब्द : कृती आणि आव्हान

कृती म्हणजे खेळाडू खेळात जे करू शकतो ते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर खेळाची क्रियापदं. धावणे, उडी मारणे, फिरवणे, पकडणे, लपणे. 'टेट्रिस' हा गेम आठवून बघा. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला. त्यात वरून पडणारा तुकडा डावी-उजवीकडे सरकवणे, फिरवणे आणि खाली सोडणे, बस्स, एवढीच क्रियापदं. तरी चाळीस वर्षं लोक तो खेळत आहेत.

आव्हान म्हणजे त्या कृती विचार करूनच वापराव्या लागतील अशी अडचण. टेट्रिसमध्ये तुकडे सात आकारांचे येतात, ओळ पूर्ण भरली तरच ती जाते आणि वेग वाढत जातो. अडचण नसेल तर नुसता तुकडा फिरवण्यात काय मजा? आणि कृती नसेल तर अडचण नुसती बघत बसावी लागते.

म्हणजे खेळाची रचना करताना दोन प्रश्न सुटायला हवेत. खेळाडू काय करेल? आणि ते करणं सहजासहजी का जमणार नाही? बाकीचं, म्हणजे रंग, गाणी, चित्रं, गोष्ट, हे महत्त्वाचं असतं, पण ते नंतरचं.

आपल्या मैदानावरचं उदाहरण : खो-खो

व्हिडिओ गेम न खेळलेल्या पालकांनाही हे लगेच कळावं म्हणून आधी खो-खो घेऊ.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या पट्टीत एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्या नवव्यावर किती बंधनं आहेत बघा. मधली पट्टी ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. पलीकडे जायचं असेल तर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. ज्याला पकडायचं आहे तो मात्र मोकळा. तो पट्टीतून आरपार जाऊ शकतो, कधीही वळू शकतो.

आता एक विचार करा. पाठलाग करणाऱ्यावरची ही बंधनं काढून टाकली तर काय होईल? खेळ सोपा होईल, आणि मरेल. मग जो सगळ्यात जोरात पळतो तोच जिंकेल. बंधन आहे म्हणूनच 'खो कधी द्यायचा' हा निर्णय तयार होतो, आणि खो-खोचं सगळं डोकं त्या निर्णयात आहे. अंगाने बारीक पण नजरेने चलाख असलेलं पोरगं खो-खोत चमकतं ते यामुळेच.

थोडक्यात, नियम खेळाडूला अडवण्यासाठी नसतो, त्याला विचार करायला लावण्यासाठी असतो. गेम डिझाइनचा पहिला धडा आपल्या शाळेच्या मैदानावरच आहे.

साप-शिडी : जिथे कृतीच नाही

उलट बाजूचं उदाहरणही घरातलंच आहे. साप-शिडीत खेळाडू काय ठरवतो? काहीच नाही. फासा टाकायचा, पडेल तितकी घरं मोजायची, साप लागला तर खाली, शिडी लागली तर वर. आपण कितीही हुशार असलो तरी फरक पडत नाही.

याचा अर्थ साप-शिडी वाईट, असं नाही. तिच्या जुन्या रूपाला आपल्याकडे मोक्षपट म्हणतात आणि परंपरेने तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप अशी ती मांडणी. माणसाची चढ-उतार कशी होते, हे सांगण्यासाठी तो पट चांगलाच आहे. पहिलीच्या मुलाला घरं मोजायला शिकवायलाही तो चांगला. पण 'निर्णय घेणं' किंवा 'रीत निवडणं' शिकवायचं असेल तर साप-शिडी कामाची नाही, कारण त्यात निवडच नाही.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवू. खेळात मूल ज्या कृती पुन्हा पुन्हा करतं, तेच ते शिकतं. पटावर काय छापलं आहे किंवा गेमच्या नावात काय लिहिलं आहे, त्यावरून ते ठरत नाही.

एक शब्द न बोलता शिकवणं : मारिओ

आपल्या वयाच्या अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळला असेल. त्यातला मिशीवाला मारिओ आठवतो का? 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८५ मध्ये आणला. शिगेरू मियामोतो हे त्याचे मुख्य रचनाकार. त्याची पहिली लेव्हल शिक्षकांनी बघण्यासारखी आहे.

गेम सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कुठे जायचं हे सांगायलाच लागत नाही. थोडं पुढे गेलं की समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. त्याला धडकलं की मारिओ मरतो. पण आपण सुरुवातीलाच असतो, त्यामुळे नुकसान काहीच नाही. दुसऱ्या वेळी मूल आपोआप उडी मारून बघतं. तिथेच वर प्रश्नचिन्हाची वीट लटकलेली असते. उडीत मारिओ त्या विटेला खालून लागतो, नाणं पडतं, आणि विटांना खालून मारायचं असतं हेही कळून जातं.

पुढे तर आणखी गंमत. एका विटेतून मशरूम निघतं. आधीचा शत्रू काहीसा तसाच दिसणारा, म्हणून मूल घाबरून पळेल. पण ते मशरूम पुढच्या पाइपावर आपटून परत मारिओकडे येतं आणि वर विटा असल्यामुळे चुकवणं कठीण जातं. ते अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो, आणि मूल शिकतं की हे चांगलं असतं.

याच लेव्हलमध्ये पुढे समोरासमोर पायऱ्यांचे दोन ढीग येतात. त्यांच्यामध्ये सपाट जमीन असते. उडी हुकली तरी मारिओ खाली जमिनीवर पडतो, मरत नाही. लगेच पुढे तसेच दोन ढीग येतात, पण आता मध्ये खड्डा असतो. तीच उडी, आता धोक्यासकट.

हे ओळखीचं वाटतं ना? आधी सुरक्षित जागी सराव, मग तोच सराव खऱ्या कसोटीत. डी.एड.ला आपण 'सोप्याकडून कठीणाकडे' आणि 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' ही सूत्रं पाठ केली. मारिओत ती सूत्रं विटा आणि खड्ड्यांनी लिहिली आहेत. सूचनांचं पान नाही, भाषण नाही. जागेची मांडणीच शिकवते.

पुण्यात बनलेली राजी

'हे सगळं जपान-अमेरिकेतलं' असं वाटू नये म्हणून एक जवळचं उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये आणला. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं होतं. (गेममध्ये राक्षसांशी मारामारी आहे, त्यामुळे लहान मुलांना द्यायच्या आधी पालकांनी स्वतः पाहावा.)

गोष्ट साधी आहे. राजी नावाच्या मुलीच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात. दुर्गेच्या कृपेने राजीला त्रिशूळ मिळतो आणि ती भावाला शोधायला निघते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. म्हणून ती भिंतीवर धावते, कड्याला लोंबकळते, खांबाला धरून गरकन फिरते. या कृती तिच्या अंगच्याच वाटतात. शिवाय त्या एकाच ठिकाणी वापरून सोडून दिलेल्या नाहीत. वाट काढताना ती भिंतीवर चढते, आणि लढताना तीच भिंत वापरून शत्रूवर झेप घेते. मारामारी आणि चढाई यांच्या मध्ये शांत कोडी येतात. त्यात गोल चकत्या फिरवून मोडलेलं चित्र जुळवायचं असतं आणि त्यातून तिच्या आठवणी उलगडतात. हात दमले की डोकं चालवायचं, डोकं दमलं की पुन्हा पळायचं.

शिक्षकांसाठी यात दोन गोष्टी आहेत. एक, कृती थोड्या ठेवा आणि प्रसंग बदलत राहा. रोज नवा खेळ, नवे नियम दिले तर पोरं नियम समजण्यातच थकतात. दोन, अवघडाच्या मागे अवघड लावू नका, मध्ये वेगळ्या प्रकारचं काम द्या. आपल्या वेळापत्रकात गणितानंतर कार्यानुभव किंवा खेळ असतो, त्यामागे हाच विचार आहे.

अडचण कुठे ठेवायची?

आव्हान हवं, म्हणजे कसंही अवघड करायचं असं नाही. अडचण दोन प्रकारची असते. एक, जी आपल्याला शिकवायची आहे तिथली. दुसरी, नुसतीच आडवी येणारी.

गेममध्ये बटण इतकं बारीक असेल की बोट चुकीच्या जागी पडतं, तर ती आडवी अडचण. खेळाडू चिडतो, कारण त्याला उत्तर माहीत होतं. आपल्याकडेही असं होतं. वजाबाकीचं शाब्दिक उदाहरण चार ओळींचं, त्यात अनोळखी शब्द, झेरॉक्स पुसट. मूल चुकतं आणि आपण म्हणतो, याला वजाबाकी येत नाही. खरं तर ते वाचनात अडलेलं असतं. आपल्या भागात घरी 'बगीतलं', 'करून राह्यलो' असं बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी वाक्याचा अर्थ लावायलाच आधी वेळ लागतो. तपासायचं वजाबाकीचं होतं, तपासलं गेलं भाषेचं.

म्हणून प्रश्नपत्रिका असो की खेळ, आधी स्वतःला विचारा : मूल इथे नेमकं कशात अडणार आहे? आणि मला ते तिथेच अडायला हवं आहे का?

चुकण्याची किंमत

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मूल गेममध्ये वीस वेळा हरूनही का थांबत नाही? चांगल्या गेमच्या तीन सवयी बघा.

१) हरलं की काही सेकंदांत पुन्हा सुरू करता येतं. चुकीचा विचार डोक्यात ताजा असतानाच दुसरी संधी मिळते. आपल्याकडे चाचणीची वही कधीकधी आठवड्याने परत मिळते.

२) का हरलो ते दिसतं. उडी लवकर मारली म्हणून खड्ड्यात पडलो, हे डोळ्यांसमोर घडतं. वहीवरची लाल फुली 'चूक' एवढंच सांगते, 'कुठे' आणि 'का' ते सांगत नाही.

३) हरणं चारचौघांत मांडलं जात नाही. गेम कधी म्हणत नाही की, "बघा, शेजारच्याला जमलं, याला नाही."

यात तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. फळ्यासमोर उभं राहून चुकणाऱ्या मुलाला चाळीस जोडी डोळ्यांची किंमत मोजावी लागते. एवढी किंमत असेल तर शहाणं मूल प्रयत्नच करणार नाही. ते आळस करत नाही, हिशोब करतं.

'शैक्षणिक गेम' ओळखण्याची कसोटी

आता पालकांसाठी. प्ले स्टोअरवर 'एज्युकेशनल' लिहिलेली ॲप ढिगाने आहेत. त्यातली बरीचशी अशी असतात : गाडी पळते, मध्येच थांबते, '७ × ८ = ?' विचारते, चार पर्याय देते, बरोबर बोट लावलं की नाणी पडतात आणि गाडी पुढे पळते.

इथे मुलाची कृती कोणती? पर्यायावर बोट ठेवणे. गणित हा खेळाच्या रस्त्यावरचा टोलनाका झाला. मुलाला गाडी पळवायची आहे, टोल भरायला कोणालाच आवडत नाही. पोरं मग उत्तर शोधत नाहीत, धडाधड चारही पर्याय दाबून बघतात. पाढ्यांच्या सरावासाठी असं ॲप थोडा वेळ चालेल, पण त्यातून समज वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ॲप मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः दहा मिनिटं खेळा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१) मुलाचं बोट काय करतंय आणि डोकं काय करतंय?
२) गणिताच्या जागी जिल्ह्यांची नावं टाकली तरी गेम तसाच राहील का? राहत असेल तर ती सजवलेली प्रश्नमंजूषा आहे.
३) चुकल्यावर नुसता 'टुईं' आवाज येतो, की काय चुकलं ते दिसतं?
४) एकाच उत्तराकडे जायच्या दोन-तीन वाटा आहेत का?
५) थांबायची जागा आहे का?

पाचवा प्रश्न थोडा उलगडून सांगते. काही गेममध्ये मुलाला धरून ठेवतं ते आव्हान नसतं, दुसरंच काही असतं. रोज उघडलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळतात, ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या. यात मुलाचं कौशल्य वाढत नाही, ओढ वाढते. आणि जिथे पैसे लावून खेळायचं असतं तो तर वेगळाच धोका. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, हे पालकांनी माहीत करून घ्यावं. मुलाला "मोबाईल ठेव" म्हणण्याआधी तो काय खेळतोय ते शेजारी बसून बघा. डोकं लावून हरणारं मूल आणि नुसतं बक्षिसाची वाट बघणारं मूल, दोघांचे चेहरे वेगळे असतात.

वर्गासाठी खेळ : चितळ आणि वाघ

आता हे सगळं कागदावर आणू. आपलं उमरेड म्हटलं की कऱ्हांडल्याचं जंगल आलंच, म्हणून खेळात चितळ, वाघ आणि पाणवठा घेतला आहे. तुम्ही तुमच्या गावचं काहीही घ्या.

साहित्य : १ ते १०० चा तक्ता (पहिल्या ओळीत १ ते १०, दुसऱ्या ओळीत ११ ते २०, असा), चितळासाठी चिंचोका, वाघासाठी खडा, पाणवठ्यासाठी खडूची खूण. दोन मुलांत एक तक्ता.

काय करायचं : चितळाला ठरलेल्या चालींत पाणवठ्यावर न्यायचं.

कृती फक्त चार : एक पाऊल पुढे (१ मिळवा), एक पाऊल मागे (१ वजा), दहाची उडी खाली (१० मिळवा), दहाची उडी वर (१० वजा). वाघ बसलेल्या घरात पाय ठेवायचा नाही. चाली संपल्या आणि पाणवठा आला नाही तर चितळ परत सुरुवातीच्या घरात. गुण नाहीत, शिक्षा नाही.

लेव्हल १ : चितळ १२ वर, पाणवठा १५ वर, चाली ३. सगळ्यांना जमते. हा मारिओचा मोकळा रस्ता.

लेव्हल २ : १२ वरून ४२, चाली ५. एकेक पाऊल चालणारं मूल १७ वरच अडकतं. "दहाची उडी मार" असं आपण सांगायचं नाही. चाली कमी पडल्या की ते स्वतःच तक्त्याकडे बघतं आणि खाली उडी मारतं. २२, ३२, ४२. तीनच चालींत पोचलो, याचा त्याला आनंद होतो.

लेव्हल ३ : १२ वरून ४५, चाली ६. तीन उड्या, तीन पावलं. दशक-एकक वेगळे करणं इथे हाताने होतं.

लेव्हल ४ : तेच, पण वाघ ४२ वर. सरळ खाली जाता येत नाही. २२, ३२, ३३, ४३, ४४, ४५. चाली तितक्याच लागतात. आधी दशक की आधी एकक याने उत्तर बदलत नाही, हे मूल बघतं.

लेव्हल ५ : २७ वरून ५६, चाली फक्त ४. इथे वर्ग शांत होतो. दोन उड्या मारून ४७ वर आलं की पुढे नऊ पावलं लागतात, ती कुठून आणायची? मग कोणाच्या तरी लक्षात येतं : ३७, ४७, ५७ आणि एक पाऊल मागे, ५६. म्हणजे २९ मिळवायचे तर ३० मिळवा आणि १ काढा.

लेव्हल ६ : तेच, पण वाघ ५७ वर. आता शेवटी मागे येता येणार नाही. माझ्या वर्गात एका मुलीने ओरडून सांगितलं होतं, "मॅडम, आधी एक मांगं याचं, मंग तीन उड्या!" २६, ३६, ४६, ५६. मध्येच मागे आलं तरी चालतं. अशा वाटा मिळून तीन निघतात, त्या मुलांनाच शोधू द्या.

बघा, या खेळातून गणित काढलं तर खेळच उरत नाही. चितळाची चाल हीच बेरीज-वजाबाकी आहे. इथे टोलनाका नाही, सगळा रस्ताच गणिताचा आहे.

आणखी एक फायदा शिक्षकाला होतो. वहीत २७ + २९ दिलं तर आपल्याला फक्त ५६ दिसतं, नाहीतर ४१६ दिसतं (२ आणि २ चे ४, ७ आणि ९ चे १६, दोन्ही शेजारी लिहिले). खेळात मुलाची प्रत्येक चाल दिसते. कोण अजून एकेक पाऊल मोजतंय, कोणाला दशक दिसायला लागलं, हे फिरता फिरता कळतं. निपुण भारतच्या नोंदींसाठी वेगळी चाचणी घ्यायची गरज फारशी उरत नाही.

मूल अडलं तर काय करायचं?

हे सगळ्यात महत्त्वाचं. मूल अडलं की आपला हात शिवशिवतो आणि आपण उत्तर सांगून मोकळे होतो. तसं केलं की कृती आपली झाली, मुलाची नाही राहिली. त्याऐवजी वाघ उचला, नाहीतर दोन चाली वाढवून द्या. आव्हान कमी करा, पण कृती मुलाकडून काढून घेऊ नका.

हुशार मुलाच्या बाबतीत उलट. त्याला मोठमोठ्या संख्या देत बसू नका, चाली कमी करा किंवा वाघ वाढवा. संख्या मोठी केल्याने काम वाढतं, विचार वाढेलच असं नाही.

शेवटची लेव्हल मुलांची

चार-पाच दिवस खेळून झालं की मुलांना स्वतःची लेव्हल बनवू द्या. नियम एकच : दुसऱ्याला देण्याआधी ती स्वतः सोडवून दाखवायची.

सुरुवातीला पोरं तक्त्यावर वाघच वाघ बसवतात. चितळाला हलायला जागा नसते, आणि बनवणाऱ्यालाच ती सुटत नाही. मग एकेक वाघ उचलला जातो. हळूहळू "हा वाघ इथे ठेवला तर तो तिकडून येईल" असं बोलणं कानावर येतं. समोरचा कसा विचार करेल याचा अंदाज बांधणं, हे शिक्षकाचंच काम आहे, आणि इथे तिसरीचं मूल ते करत असतं. वर्गात मागे राहणाऱ्या मुलाने बनवलेली लेव्हल हुशार मुलाला सुटली नाही की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते कुठल्या प्रमाणपत्राने येत नाही.

मित्रहो, गेम बनवणाऱ्यांकडे मोठी टीम असते, पैसा असतो, महागडे संगणक असतात. पण खेळाडू काय करेल आणि कुठे अडेल, हा त्यांचा मुख्य प्रश्न आपल्याला रोज पाठ घेताना पडतोच. पुढचा पाठ काढताना टाचणात 'शिक्षक कृती'च्या आधी 'विद्यार्थी कृती'चा रकाना भरून बघा, आणि त्याच्यासमोर लिहा : मूल कुठे अडेल, आणि चुकलं तर किती लवकर पुन्हा प्रयत्न करू शकेल? तिथे उत्तर 'आठवड्याने' असं आलं, तर त्या पाठात आधी तेवढंच बदला.